वाचकांचे प्रश्न: सिक्लिडची अंडी जातात कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधे निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, माशांनी अंडी दिली आणि अंडी गेली. कुणाचे एंजल, कुणाचे पॅरट, कुणाचे यलो लॅब, पण शेवटचं वाक्य सगळ्यांचं सारखंच, "काय चुकतंय तेच कळत नाही". हे सगळे मासे सिक्लिड या एकाच कुळातले, म्हणून यावेळचं अख्खं सदर सिक्लिडच्या अंड्यांनाच देतोय. एक विनंती आधीच करतो. बहुतेक पत्रांत पाण्याचा पीएच असतो, टँकची साइज असते, फिल्टर कुठल्या कंपनीचा तेही असतं, पण अंडी किती वाजता दिली, किती तासांनी गेली आणि जायच्या आधी ती कशी दिसत होती, पांढरी पडली होती की तशीच मधाच्या रंगाची स्वच्छ होती, हे कुणीच लिहीत नाही आणि मला निम्मं उत्तर तिथेच मिळतं. पहिल्या रात्रीत गेलेली अंडी, दुसऱ्या दिवशी पांढरी पडलेली अंडी आणि तिसऱ्या दिवशी गायब झालेली अंडी, या तीन अगदी वेगळ्या भानगडी आहेत.

प्रश्न: तीन फुटी प्लांटेड टँकमधे माझी एंजलची जोडी आहे, सोबत आठ विडो टेट्रा आणि एक सहा इंची सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा). पाच महिन्यांत सहा वेळा फिल्टरच्या पाइपवर अंडी दिली. दिवसभर दोघं इतकी राखण करतात की टेट्रा जवळ फिरकू देत नाहीत, पंखांनी वारा घालत बसतात. सकाळी उठून बघावं तर पाइप कोरा. दुकानदार म्हणतो जोडीच खराब आहे, बदलून टाका. खरंच बदलू का?
एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर: ताई, जोडी अजिबात बदलू नका. दिवसभर जी जोडी टेट्राला हाकलते आणि वारा घालते ती खराब जोडी नसते. अंडी स्वच्छ असताना पहिल्याच रात्री जातायत, म्हणजे जे काही होतंय ते अंधारात होतंय, आणि तुमच्या टँकमधे अंधारात कामाला लागणारा एकच मासा आहे, सकर.

हे मी अंदाजाने नाही सांगत. माझ्या पहिल्या जोडीची चार वेळची अंडी अशीच गेली होती आणि मीही जोडीलाच दोष देत होतो. पाचव्या वेळी मात्र मी हॉलमधे टँकसमोर सतरंजी टाकून बसलो, टॉर्चला लाल जिलेटीन पेपर गुंडाळला होता, गणपतीच्या मखराचा उरलेला. साडेअकराला टँकचा लाइट बंद केला. पहिला पाऊण तास काहीच नाही, दोघं पाइपसमोर तिरके उभे, मधूनच एक जण अंड्यांवर पंख हलवायचा. सव्वाबाराच्या सुमाराला सकर मागच्या काचेवरून खाली उतरला, वाळूवरून सरपटत पाइपच्या बुडाशी आला आणि तिथून हळूहळू वर चढायला लागला. नर त्याच्यावर धावून गेला पण वीतभर चुकला, धडक काचेवर बसली, त्याला सकर नेमका कुठे आहे ते दिसतच नव्हतं. सिक्लिडची राखण सगळी डोळ्यांवर असते. एकदोनदा धडक बसलीही पण सकरची पाठ म्हणजे हाडांचं चिलखत, तो जागचा हलला नाही. वीस मिनिटांत पाइपच्या खालच्या बाजूची अंडी साफ. आणि मग जे बघितलं ते मी कधी विसरणार नाही, उरलेली वरची अंडी मादीनेच एकेक करून उचलून खाल्ली. सकाळी उठून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं आईनेच खाल्ली. तिने खाल्ली हे खरंच, पण राखण हातची गेल्यावर खाल्ली. घरटं वाचत नाही असं वाटलं की सिक्लिड बऱ्याचदा अंडी स्वतःच संपवतात आणि पुन्हा पंधरा दिवसांत नव्याने देतात.

तेव्हा पहिलं काम, सकर बाहेर. मोठा टँक असलेल्या कुणाला द्या किंवा दुकानात परत करा, पण कृपा करून गोदावरीत नाही, विहिरीत नाही, शेततळ्यातही नाही. हा मासा आपल्याकडचा नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे, आणि आंध्रातल्या मत्स्यशेतीच्या तळ्यांत आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत त्याने किती त्रास करून ठेवलाय ते तिथल्या मच्छीमारांना विचारा.

दुसरं काम झिरोचा बल्ब. अंडी दिल्यापासून पिल्लं पोहायला लागेपर्यंत हॉलमधे रात्रभर झिरोचा बल्ब चालू ठेवा, टँकपासून जरा लांब. आणि टँकचा लाइट एकदम खटकन बंद करू नका, आधी खोलीतली ट्यूब लावा, मग टँकचा बंद करा, पंधरावीस मिनिटांनी ट्यूब बंद करा. एकदम अंधार झाला की मासे दचकतात, टँकभर धडका मारत फिरतात आणि नंतर त्यांना अंड्यांची जागाच सापडत नाही.

टेट्रांचं म्हणाल तर दिवसा ते अंड्यांना हात लावू शकणार नाहीत, पण पिल्लं पोहायला लागली की एकेक करून टिपतील. खरं सांगायचं तर जोडीला वेगळा दोन फुटी टँक द्या, खाली वाळू नको, एक जुना चाललेला स्पंज फिल्टर आणि अंडी द्यायला एक उभी जागा. इथे एक चूक खूप जण करतात, घरात पडलेला शहाबादी नाहीतर कडप्प्याचा तुकडा लावतात. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, पाण्यात हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात. कुठल्याही दगडावर लिंबू पिळून बघा, फेस आला की तो दगड एंजलच्या टँकला नको. त्यापेक्षा मंगलोरी कौलाचा तुकडा स्वच्छ धुऊन तिरका उभा करा, नाहीतर सरळ पीव्हीसी पाइप. तुमच्या जोडीला पाइपची सवय आहेच. नाशिकच्या थंडीत हिटर २७ ते २८ अंशांवर असू द्या. आणि या चार दिवसांत पाहुण्यांना दाखवायला टँकजवळ नेऊ नका, फ्लॅश मारून फोटो तर नकोच.

प्रश्न: एंजलची जोडी दर बारा-पंधरा दिवसांनी तीनशे-चारशे अंडी देते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळीच्या सगळी पांढरी आणि मग त्यावर कापूस. मिथिलीन ब्लू टँकमधे टाकून बघितलं, तीन वेळा, फरक नाही. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६५०.
एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द "सगळीच्या सगळी" हा आहे. शंभरात दहावीस अंडी पांढरी पडणं हे प्रत्येक जोडीचं होतं, त्याची काळजी नको. सगळी पांढरी म्हणजे अंडी फळलीच नाहीत. बुरशी ही नंतरची गोष्ट, ती मेलेल्या अंड्यावर येते आणि तिथून शेजारच्या चांगल्या अंड्यावर पसरते. मिथिलीन ब्लू बुरशीला अडवतं, न फळलेल्या अंड्याला फळवत नाही.

आता न फळण्याची दोन मोठी कारणं. एक, तुमच्याकडे नर आहे का? विचित्र वाटेल पण दोन एंजल माद्या एकत्र वाढल्या की जोडी लागते, जागा साफ करतात, दोघी अंडी देतात, दोघी राखण करतात. एरवी नुसतं बघून एंजलमधे नर-मादी खात्रीने ओळखता येत नाही, डोक्यावरचा उंचवटा वगैरे दुकानात सांगतात त्यावर जाऊ नका. ओळख पटते ती फक्त अंडी द्यायच्या दिवशी, पोटाखाली जी छोटी नळी बाहेर येते त्यावरून. मादीची नळी जाड आणि बोथट, नराची बारीक, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी. आणि अंडी देत असताना पंधरा मिनिटं शांत बसून बघा. मादी एक ओळ अंडी चिकटवत वर सरकते, ती बाजूला झाली की नर त्याच ओळीवरून नळी घासत जातो. दुसऱ्या माशाच्या मागेही नवीन अंडी चिकटलेली दिसली तर ती मादीच, मग पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही.

नर आहे याची खात्री झाली तर मग पाणी. एंजल अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, तिथलं पाणी मऊ. आपल्या दुकानातले मासे चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी फार्मवर वाढलेले असतात त्यामुळे ते जड पाण्यात जगतात, वाढतात, अंडीही देतात, पण ६५० टीडीएसच्या बोअरच्या पाण्यात, आणि बोअर म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियमच, अंडं फळण्याचं प्रमाण खूप पडतं. मी एंजलच्या ब्रीडिंगसाठी २०० च्या आसपास ठेवतो. घरच्या आरओचं पाणी अर्ध्याहून जास्त आणि बोअरचं बाकी असं मिसळून आणता येईल, पण आरओच्या नळीतून जे पाणी बेसिनमधे वाया जातं ते वापरू नका, त्यात क्षार उलट वाढलेले असतात. पावसाळ्यात सोपं आहे, पहिले दोनतीन मोठे पाऊस जाऊ द्या, मग उघड्यावर स्वच्छ ड्रम ठेवून थेट पडणारं पाणी धरा, पत्र्यावरून आलेलं नको. हे सगळं दोनतीन आठवड्यांत हळूहळू करा, एका दिवसात ६५० वरून २०० केलंत तर अंडी राहिली बाजूला, मासेच आजारी पडतील.

आणि मिथिलीन ब्लू मोठ्या टँकमधे परत टाकू नका. फिल्टरमधे पाणी साफ ठेवणारे जे बॅक्टेरिया बसलेले असतात ते त्याने मरतात आणि आठवड्याने अमोनिया वाढून मासे वर येऊन श्वास घ्यायला लागतात. अंडी वेगळी काढायची असतील तर कौल किंवा पाइप उचलून त्याच टँकच्या पाण्याने भरलेल्या एक फुटी टँकमधे न्या, नेताना अंडी पाण्याबाहेर जितकी कमी राहतील तितकं बरं, तिथे एअर स्टोन असा ठेवा की बुडबुडे अंड्यांना लागणार नाहीत पण पाणी त्यांच्यावरून सरकत राहील, आणि मिथिलीन ब्लूचे थेंब इतकेच टाका की पाणी निळं दिसेल पण पलीकडची अंडी मोजता येतील. पांढरी पडलेली अंडी रोज दोनदा ड्रॉपरने उचला. पिल्लं अंड्यातून आली की रोज थोडं थोडं पाणी बदलून निळा रंग घालवा.

प्रश्न: दोनदा असं झालं, माझ्या एंजलची अंडी अडीच दिवस एकदम मस्त होती, एकही पांढरं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून आलो तर पान मोकळं. मग मी वैतागून सायफनने टँक पूर्ण साफ केला. एवढी राखलेली अंडी शेवटी का खाल्ली असतील?
एक वाचक, ठाणे

उत्तर: हे पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण माझ्या मते तुमची अंडी कुणी खाल्लीच नव्हती. २७-२८ अंशांना एंजलची अंडी साधारण ४८ ते ६० तासांत फुटतात. तुमचे अडीच दिवस म्हणजे बरोबर साठ तास. त्या वेळेला आईबाप प्रत्येक अंडं तोंडात घेऊन चघळल्यासारखं करतात, पिल्लाला कवचातून सोडवतात आणि दुसऱ्या पानावर नेऊन फुंकतात. जुनं पान मोकळं दिसतं आणि आपल्याला वाटतं खाल्लं.

पुढच्या वेळेस पान मोकळं दिसलं की काही करू नका, खाली बसा आणि टॉर्च तिरकी धरून प्रत्येक रुंद पानाच्या खालच्या बाजूला, फिल्टरच्या मागे, कोपऱ्यातल्या काचेवर बघा. राईच्या दाण्याहून बारीक पिवळसर ठिपके आणि प्रत्येकाला एक केसासारखी शेपूट, अख्खा पुंजका सतत थरथरतोय असं दिसेल. पिल्लांच्या डोक्यावर चिकट धागा असतो, त्याने ती लटकलेली असतात. एखादं सुटून खाली पडलं की बाप झेप घेऊन तोंडात झेलतो आणि परत जागेवर नेऊन चिकटवतो, दिवसातून शंभर वेळा. जागाही दोनतीनदा बदलतात. या चार-पाच दिवसांत पिल्लांना खायला काहीही लागत नाही, पोटाला पिवळा बलक असतो तोच पुरतो. म्हणून सायफन नको, पाणी बदलणं नको, खाद्यही जोडीला अगदी मोजकं.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. माझ्याकडे दोन लाल पॅरट आहेत. त्यांनी आत्तापर्यंत आठ वेळा अंडी दिली पण एकदाही पिल्लं झाली नाहीत, सगळी पांढरी होतात. मी पाणी बदलतो, मीठ टाकतो, सगळं करतो. माझं काय चुकतंय?
एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: बाळा, तुझं काहीच चुकत नाहीये, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच. तुझा पॅरट हा निसर्गात कुठेच सापडत नाही. तैवानमधे १९८० च्या दशकात दोन वेगळ्या सिक्लिडचा संकर करून तो तयार केला गेला. त्याचं तोंड नीट मिटत नाही ते त्यामुळेच. आणि या संकरातले नर जवळजवळ सगळे नापीक असतात. मादी अंडी देते, नर सगळी क्रिया बरोबर करतो, दोघं मिळून राखण करतात, पण अंडी फळत नाहीत. तू पाण्यात काहीही टाकलंस तरी हे बदलणार नाही, त्यामुळे मीठही दरवेळी टाकू नकोस.

अंडी पांढरी झाली तरी लगेच काढू नकोस, दोनतीन दिवसांत ते स्वतःच खातात आणि शांत होतात. लगेच काढलीस तर मादी लवकर परत अंडी देते आणि तिची ताकद जाते. या काळात तिला चांगलं खायला घाल.

तुला पिल्लं वाढलेली बघायचीच असतील तर आईबाबांना विचारून पुढे कधीतरी दोन फुटी टँकमधे कन्व्हिक्टची जोडी ठेव, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा, एक मातीची छोटी कुंडी आडवी टाकून दिलीस की तिच्या आत अंडी देतो आणि आईबाप पिल्लांना घेऊन रांगेने फिरतात. फक्त पिल्लं एका वेळेला शंभराच्या घरात होतात आणि महिन्याभरात परत, तेव्हा आधी दुकानदाराला विचार की तो घेईल का, मगच जोडी आण.

फ्लॉवरहॉर्नबद्दल अशीच तीन पत्रं आहेत, "एकट्या माशाने अंडी दिली, हा आजार आहे का?" आजार नाही. मादी एकटी असली तरी वयात आली की अंडी देते. ती फळणार नाहीत, ती स्वतः खाईल, खाऊ द्या. पण म्हणून पिल्लांच्या आशेने तिच्या टँकमधे थेट नर सोडू नका, रात्रीत मारून टाकतो. फ्लॉवरहॉर्नही संकरातूनच आलाय आणि त्याचेही बरेच नर नापीकच निघतात.

प्रश्न: यलो लॅबच्या मादीने तोंडात अंडी धरली. तिसऱ्या दिवशी मी तिला जाळीने पकडून ब्रीडिंग बॉक्समधे ठेवलं. नवव्या दिवशी तोंड रिकामं. बॉक्समधे एकही अंडं नाही, पिल्लू नाही.
एक वाचक, पुणे

उत्तर: गिळली. आणि हे तिसऱ्या दिवशीच्या पकडापकडीमुळे झालंय असं मला वाटतं. मलावी तलावातले हे सिक्लिड अंडी दगडावर चिकटवत नाहीत, मादी अंडं दिल्याबरोबर तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे, कधी थोडे जास्तच दिवस, जवळपास उपाशी राहून ती सांभाळते. आपल्याकडची उजनीची चिलापी खाल्लीये ना, तीही सिक्लिडच, भारतात १९५२ ला आणली गेली, तिचीही मादी अंडी अशीच तोंडात धरते. सुरवातीचे दिवस नाजूक असतात, त्यात जाळी, उपसाउपस आणि चारी बाजूंनी उघडा प्लास्टिकचा डबा म्हणजे तिला वाटतं आपलाच जीव जातोय. पहिलटकरीण असेल तर नुसत्या नराच्या पाठलागानेही गिळते. अंडी फळली नसतील तरीही गिळते.

तिला मोठ्या टँकमधेच राहू द्या, दगड असे रचा की तिला एकटीला शिरता येईल अशी फट मिळेल. एका नराला तीनचार माद्या असल्या की त्रास वाटला जातो. सोळा-अठरा दिवस झाले की रात्री लाइट बंद केल्यावर, जाळीने नाही, मोठ्या मगात पाण्यासकट उचलून वेगळ्या टँकमधे सोडा, तिथे एक पाइपचा तुकडा लपायला ठेवा. पिल्लं सोडल्यावर लगेच नराकडे पाठवू नका, दोन आठवडे तिला पोटभर खाऊ द्या, तिचं पोट आत गेलेलं असतं. तोंड उघडून पिल्लं काढायचे व्हिडिओ बघून ते करायला जाऊ नका, हात बसल्याशिवाय जबडा दुखावतो.

आणि हो, वर साताऱ्याच्या वाचकांचं जे बोअरचं पाणी एंजलला नको म्हणालो ते यांना चालतं, मलावीचं पाणी मुळातच अल्कलाइन, पीएच पावणेआठच्या पुढे. शहाबादीसुद्धा यांच्या टँकमधे खुशाल ठेवा.

प्रश्न: आमच्या खाजनाच्या (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) मानशीजवळ, म्हणजे पाण्याच्या दरवाजाजवळ, मिळालेली काळुंदराची सहा पिल्लं चार फुटी टँकमधे, थोड्या खाऱ्या पाण्यात वाढवली. आता दोघांची जोडी लागून दगडाखाली अंडी चिकटवतात. सोबत चार ऑरेंज क्रोमाइड आहेत. अंडी दुसऱ्या दिवशी गायब, दिवसाढवळ्या.
एक वाचक, तिसवाडी, गोवा

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. सगळे परदेशी सिक्लिडच्या मागे असताना कुणीतरी आपला काळुंदर पाळतंय. भारतातले मूळचे सिक्लिड तीनच, काळुंदर, ऑरेंज क्रोमाइड आणि कर्नाटकातल्या नद्यांमधला एक. काळुंदर म्हणजे केरळचा करिमीन, तिथला राज्यमासा.

चोर तुमच्या टँकमधेच आहेत, ते चार ऑरेंज क्रोमाइड. खाडीत हे दोघे शेजारी राहतात, ऑरेंजची लहान पिल्लं काळुंदराच्या अंगावरची घाण टिपून खातात आणि मोठे ऑरेंज संधी मिळाली की काळुंदराची अंडी लुटतात. खाडीत पळायला जागा असते, चार फुटात नसते. ऑरेंज वेगळे करा आणि बाकीचे चार काळुंदरही, तो वीतभराहून मोठा होणारा मासा आहे, ब्रीडिंगला चार फुटी टँक एका जोडीचाच. खाली वाळूचा थर राहू द्या कारण तीनचार दिवसांनी अंडी फुटली की आईबाप वाळूत खड्डे करून पिल्लं त्यात ठेवतात. खारेपणा जो आहे तोच ठेवा, आज जास्त उद्या कमी असं नको, आणि टँकमधून पाणी नुसतं उडून गेलं असेल तेव्हा भर घालताना गोडं पाणी घाला, मीठ उडून जात नाही.

प्रश्न: पावसाळ्यात आमच्याकडे नळाच्या पाण्याला टीसीएलचा (क्लोरीनच्या पावडरचा) वास येतो. त्याच काळात राम सिक्लिडची अंडी मरतात. संबंध असेल का?
एक वाचक, अलिबाग

उत्तर: आहे. क्लोरीन अंड्याला आणि पिल्लाला मोठ्या माशाच्या कितीतरी आधी लागतं. पाणी पसरट पिंपात एअर स्टोन लावून किमान एक दिवस ठेवा, वास राहिला तर अँटिक्लोरीन टाकून मगच वापरा. आणि अंडी असताना पाणी बदलायचंच असेल तर दहा टक्क्यांच्या वर नको. राम हा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, एंजलपेक्षाही मऊ पाणी मागणारा, तुमच्याकडे पाऊस भरपूर आहे तर पावसाचं पाणी धरून मिसळा, दोन्ही प्रश्न सुटतील.

प्रश्न: शाळेतून निवृत्त झाल्यावर हा छंद लागला. एंजलची जोडी चांगली आहे, एकदा अंडी फुटली पण पिल्लं पोहायला लागल्यावर तीन दिवसांत संपली. अंडी आईबापांकडे ठेवावीत की काढून घ्यावीत? पाणी आमच्याकडे जपूनच वापरावं लागतं.
एक वाचक, लातूर

उत्तर: गुरुजी, पिल्लं विकायची असतील तर काढून घ्यावीत, फार्मवाले तेच करतात आणि त्यांचं बरोबर आहे, काढून घेतल्यावर जोडी आठ-पंधरा दिवसांत परत अंडी देते. पण तुमच्यासारख्यांनी आईबापांकडे ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. पहिल्या तीनचार वेळा नवी जोडी अंडी खाते, खाऊ द्या, शिकतात. आणि एकदा जमलं की संध्याकाळी दिवा मंद झाल्यावर आई एकेक पोहणारं पिल्लू तोंडात भरते आणि पानावर नेऊन फुंकते, निजवते, ते बघायला मिळतं. ते बघायचं असेल तर अंडी काढून घेऊन चालणार नाही.

तुमची पिल्लं तिसऱ्या दिवशी गेली ती उपासमारीने. पोटातला बलक संपला आणि पावडर खाद्य त्यांना ओळखताच येत नाही, त्यांना हलणारं लागतं. उकडलेल्या अंड्याचा बलक देतात लोक, पण तो तासाभरात पाणी नासवतो आणि पाणी बदलणं तुम्हाला परवडणारं नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे ते, तिथे मी तुम्हाला रोज अर्धा टँक बदला असं सांगणारच नाही. आर्टेमिया लावा, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव अंड्यांतून काढा. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम खडे मीठ, प्लास्टिकची बाटली उलटी टांगलेली, खालून जोरात हवा, वर बल्ब, पाव चमचा आर्टेमियाची अंडी. २४ ते ३० तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर येतात, जिवंत खाली बसतात, खालचेच नळीने काढून सुती कापडावर गाळून साध्या पाण्याने धुवा आणि लगेच घाला, दिवसातून तीनदा, पिल्लांची पोटं नारिंगी दिसतील एवढंच. उरलेलं तळाशी बसलं तर बारीक नळीने काढा, रोज पाच-सात टक्के पाणी बदललं तरी पुरतं आणि ते निघालेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात.

लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा. आणि अंडी दिलेली वेळ कॅलेंडरवर लिहा. त्या दिवसापासून सहाव्या दिवशी संध्याकाळी पहिली बाटली लावा, सातव्या-आठव्या दिवशी पिल्लं पानावरून सुटून पोहायला लागतील तेव्हा ती तयार असेल. दुसरी बाटली बारा तासांनी लावा.